भाई, तीन नंबर घाटावर गेली

भाई,

मी तुला शेवटचं जे बोलले ते ‘गप रव’ असं होतं.

रिक्षा मालवणच्या रस्त्याला लागली होती. तुझं डोकं माझ्या खांद्यावर, शर्टाची वरची दोन बटणं मी सोडलेली, आणि छातीत कळा येत असताना तू मला सांगत होतास, “शेडीचा दार लाव गो. कोंबडी आत जातत.” दार मागे घरी राहिलेलं. मी ते रिक्षातून कसं लावणार होते? अशा वेळी माणूस पाणी मागतो, देवाचं नाव घेतो, निदान शेजारी बसलेल्या बहिणीकडे एकदा बघतो. तुला कोंबड्या सुचल्या. म्हणून मी म्हटलं, गप रव. आणि तू गप राहिलास. सबंध आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस, तेही नको त्या जागी.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं की झटकाच मोठा होता, कोणी काही करू शकलं नसतं. मी मान हलवली. त्या वेळी रडू आलं नाही. मनात एवढंच आलं की हा माणूस भांडण अर्धं टाकून गेला.

तुझ्यामागे घर भरून माणसं आली. एसटीच्या वर्कशॉपमधले तुझे जुने सोबती आले, खाणीवरच्या कामगारांची आता म्हातारी झालेली मुलं आली. सगळे म्हणत होते, देवमाणूस. मी चहा देत होते आणि ऐकत होते. देवमाणसाने माझी वर्षाची कोकमाची सोलं इंजिनाची पितळ घासण्यात संपवली नसती. उन्हाळ्यात मी रातांबे फोडायचे, सोलं वाळवायचे, बरणी भरायचे, आणि गणपती येईपर्यंत बरणीत निम्मीच उरायची. विचारलं की म्हणायचास, “पितळेक सोलांसारखा दुसरा काय नाय.” आमटीला तरी दुसरं काय होतं, भाई? चार दिवस मी मुद्दाम चिंचेची आमटी केली. तू चवीने खाल्लीस. तुला कळलंच नाही की तो निषेध होता.

मुंबईहून आलेल्या मावशीच्या नातसुनेने मला विचारलं, “मागच्या त्या शेडमध्ये काय ठेवलंय हो?” तेव्हा मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. की आपल्या गावामागच्या डोंगरात लोखंडाच्या दगडाची खाण होती. तिथून खाडीच्या धक्क्यापर्यंत दोन फुटी रुळांवरून छोटी गाडी चालायची. गाडीला ओढणारी वाफेची तीन इंजिनं होती आणि त्यातल्या तिसऱ्या इंजिनावर आमचे बाबा ड्रायव्हर होते. चार चाकं, वर ठेंगणं धुराडं, बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली पाण्याची टाकी. आगगाडीच्या इंजिनाशेजारी उभं केलं तर वासरू वाटेल. तिला नाव नव्हतं, घरात सगळे तीन नंबर म्हणायचे. बाबा संध्याकाळी त्या दगडाच्या धुळीने लाल होऊन यायचे, आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मग ट्रक आले. रूळ उखडले, खाणही पुढे बंद पडली. दोन इंजिनं कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही आणि तीन नंबर काजूच्या झाडाखाली गंजत उभी राहिली. धुराड्यातून वेल बाहेर आलेली मी स्वतः पाहिलेली आहे.

नातसून म्हणाली, “किती रोमँटिक.” तिने तुझ्या हाताचा वास घेतलेला नव्हता. रॉकेल, ग्रीस आणि बिडी. त्या हाताने तू भाकरी मोडायचास.

तुला निवृत्त होऊन दोन महिने झाले असतील नसतील, तेव्हा खाणीवरचं सगळं लोखंड भंगारात गेल्याची बातमी आली. बांद्याचा हुसेनशेठ गॅसकटर घेऊन आला. तू सकाळी पेज खाऊन बाहेर पडलास ते दुपारी आला नाहीस. माणूस पाठवला तर तो सांगत आला, दत्ताराम इंजिनात चढून बसलाय आणि उतरत नाही. तीन दिवस, भाई. तीन दिवस मी डबा पाठवला. पहिल्या दिवशी रागाने नुसता भात आणि लोणचं पाठवलं. दुसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं दिलं, कारण शेजारची सुशीला म्हणाली, तिथे भंगारवालेही बसलेत आणि तू आपल्यातलं त्यांना देतोस. तिसऱ्या दिवशी मीच डबा घेऊन आले. तू इंजिनाच्या दारात पाय सोडून बसला होतास, हुसेनशेठ खाली दगडावर. तो मला म्हणाला, “बाय, तुमच्या भावाक समजवा. मी पैसे भरलंय.” मी तुला समजवायलाच आले होते. पण तोंडातून निघालं, “आमचो बापूस हेच्यार होतो.” हुसेनशेठ तुझ्याकडे वळला. “मगे तीन दिवस ह्या सांगाक काय झाला हेका?” तू म्हणालास, “तू विचारलंस खंय?”

त्याच्या क्रेनचं इंजिन बंद पडलं होतं. ते तू उघडून बांधून दिलंस, त्याने त्याच क्रेनने तीन नंबर उचलून आपल्या परसात रुळाच्या दोन तुकड्यांवर आणून ठेवली आणि तू वर पत्र्याची शेड घातलीस. माझी कढीपत्त्याची झाडं आणि अबोलीचा वाफा त्यात गेला. मी विचारलं, “ही हयसर किती दिवस?” तू म्हणालास, “बगूया.”

तुझं ते बगूया बारा वर्षं चाललं.

या बारा वर्षांत तुझी किती पत्रं मी लिहिली असतील? तहसील कचेरीत नोकरी केलेली बहीण घरात आहे म्हटल्यावर तुला आयताच कारकून मिळाला. कलेक्टर कचेरी, रेल्वे, पर्यटन, पुराणवस्तू, कोणतं खातं सोडलं नाहीस. पडवीत येरझाऱ्या घालत सांगायचास, “लिही गो. साहेब, तुमका अक्कल नाय.” मी लिहायचे, सविनय विनंती की. “लिही, आमचा इंजिन हयसर कुजान जाता आणि तुमी पंख्याखाली बसलंसात.” मी लिहायचे, सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे. वाचून दाखवलं की तू म्हणायचास, “ह्या माझा नाय. ह्येत राग खंय आसा?” मी म्हणायचे, राग टपालात जात नाही. यावर आपलं भांडण व्हायचं, मग तू सही करायचास. उत्तरं बहुतेक यायचीच नाहीत. आली तर त्यात आमच्या कार्यकक्षेत बसत नसल्याचं कळवलेलं असायचं. तू ती सगळी उत्तरं एका तारेत ओवून शेडच्या खिळ्याला लटकवलीस.

पण एक गोष्ट तुझ्या तोंडावर कधी सांगितली नाही. तारकर्लीच्या बाजूला नवं रिसॉर्ट बांधणारा तो माणूस आठवतो? पांढरे बूट घालून आला होता. त्याला तीन नंबर स्वागतकक्षापुढे ठेवायची होती. धुराड्यात दिवे बसवणार होता, कॅबमध्ये सरबताचं काउंटर. मला वाटलं आता शिव्या ऐकायला मिळणार. तर तू हात पुसलेस आणि एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागलास. “महाशय, आपण चहा घेतलात, आपले आभार. ही विक्रीस नाही. आणि यापुढे आपण माझ्या परसात बूट घालून येऊ नये.” मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. पदर तोंडात धरून हसले आणि मग कशामुळे कोण जाणे, डोळे भरून आले. तो गेल्यावर मी बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “गिऱ्हाइकाक असा बोलतत?” तेवढं म्हणायची काही गरज नव्हती.

न बोललेलं आणखीही आहे. ह्यांच्या मागे मी सासर सोडून आले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. हातात एक ट्रंक होती आणि डोक्यात लोकांची बोलणी. वाटेत सबंध एसटीत मी तयारी करत आले होते, तू काय विचारशील आणि मी काय सांगेन. तू दारात उभा होतास. ट्रंक उचललीस आणि म्हणालास, “तुझी खोली उघडून ठेवलंय. मुंगळे आसत, झाडून घे.” बस्स. पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढच्या बावीस वर्षांतही नाही. लग्न का केलं नाहीस हे मीही तुला कधी विचारलं नाही. आपण दोघे एका घरात राहिलो आणि भांडायला तीन नंबर होती. तिच्याआधी कशावर भांडायचो ते आता आठवतही नाही.

खरं भांडण लागलं ते बॉयलरवरून.

चाकं झाली, ब्रेक झाला, टाकीला नवे पत्रे लागले. पितळ तर काय, माझ्या सोलांनी चमकत होतं. मग तू बॉयलर पाण्याने गळ्यापर्यंत भरून हातपंपाने दाब द्यायला घेतलास. बॉयलर तपासणारे जुने निवृत्त साहेब तू ओळखीने बोलावले होतेस. मी बाजूला उभी होते, कारण सरबत मी केलं होतं. काटा हळूहळू चढत होता. तू पंप मारत होतास आणि लहान पोरासारखा काट्याकडे बघत होतास. मग आतून, भट्टीच्या भिंतीतून, पाण्याची एक बारीक धार आली. मग दुसरी. साहेब वाकून आत शिरले, हातोडीने एकेक बोल्ट वाजवत गेले आणि बाहेर येऊन रुमालाने मान पुसली. “दत्तारामजी, बोल्ट मेलेत. पत्राही पातळ झालाय. ही पेटवलीत तर एखाद्याचा जीव जाईल. नवा बॉयलर घातलात तर चालेल, नाहीतर अशीच बघायला ठेवा.”

ते गेल्यावर तू पंपाच्या दांड्यावर हात ठेवून बसलास. मी म्हटलं, “नवो घालूया मगे.”

“नवो घातलो तर ती तीन नंबर रवात काय?”

“कित्याक नाय रवाची? चाका ती, टाकी ती.”

“बॉयलर म्हणजेच इंजिन गो. बाबांनी पेटवलेलो बॉयलर तो.”

“बाबा बॉयलरात नाय आसत, भाई.”

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि ते खरंही होतं. तू उठून शेडमध्ये गेलास. त्या दिवसापासून वर्षभर आपण तेच भांडत राहिलो. मासे साफ करताना, रेशनच्या रांगेत, एकदा तर सुशीलाच्या मुलीच्या लग्नात पंगतीत. तुझं म्हणणं, चालली नाही तरी बेहत्तर, पण आहे तशी राहिली पाहिजे. माझं म्हणणं, जी चालत नाही ती तीन नंबर नव्हे, तो बाबांचा फोटो झाला. आणि फोटो तर भिंतीवर आहेच. खाडीचा वारा रोज तिला खात होता. तू सकाळी तेल लावायचास, संध्याकाळी पुन्हा तांबूस. तुझे गुडघे गेले होते. तू खाली वाकलास की वर येताना चाकाला धरायचास. हे सगळं मला दिसत होतं आणि तुला दिसत नव्हतं, असं मला वाटायचं.

तेवढ्यात ते पत्र आलं. घाटावर एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची उसाची छोटी लाइन काही हौशी मंडळींनी जपली आहे. रविवारी लोकांना बसवून तिच्यावर जुनी इंजिनं चालवतात. त्यांना कोणीतरी तीन नंबरबद्दल सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, इंजिन आम्हाला द्या. आम्ही नवा बॉयलर बनवून घेऊ, तिला छपराखाली ठेवू, चालवू, जुना बॉयलर शेजारी जपून ठेवू. खाली सही होती रेवती म्हणून एका मुलीची, मेकॅनिकल इंजिनिअर.

तू पत्र ऐकलंस आणि म्हणालास, “लिही. मी देवचंय नाय.” मी म्हटलं, विचार कर. तू म्हणालास, “लिही.” मी लिहिलं. तुझ्यापुढे सही घेतली, पाकिटात घातलं. आणि भाई, ते पाकीट मी टाकलं नाही. ते कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवलं आणि दुसरं पत्र लिहिलं, माझ्या सहीने. आपण एकदा समक्ष येऊन पाहून जावे.

चाळीस वर्षं सरकारी कागद हाताळले, एक कागद कधी इकडचा तिकडे केला नाही. सख्ख्या भावाचा केला.

रेवती आली तेव्हा मी भाकऱ्या करत होते. सोबत एक म्हातारे गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ती म्हणाली, “नमस्कार, आम्हाला पत्र मिळालं.” तू माझ्याकडे बघितलंस. माझी भाकरी करपली. वाटलं, आता फुटणार. तू म्हणालास, “या. चप्पल घालूनच या, आत पत्र्याचे तुकडे असतात.”

चार तास तू त्यांना इंजिन दाखवत होतास. रेवतीने ओढणी कमरेला बांधली आणि सरळ भट्टीत शिरली. बाहेर आली तेव्हा तोंड काळं झालेलं. तिने तुला काहीतरी विचारलं आणि तू हसलास. तुला तसं हसताना मी फार दिवसांनी बघितलं. जेवताना तुम्ही तिघे माझ्या ताटांवर बोटाने पाइपांचे नकाशे काढत होता. ते गेले. मी भांडी घासत भांडणाची वाट बघत बसले. तू पडवीत बिडी ओढलीस आणि आत येऊन म्हणालास, “पत्र बरा लिवलंस.” आणि अंघोळीला गेलास.

बरं लिवलंस म्हणजे काय? कोणतं पत्र? तीन आठवडे मी या एका वाक्याला धरून बसले होते. तुला कळलं होतं का? चिडला होतास का? रोज ठरवायचे की आज विचारू आणि रोज दुसराच विषय काढायचे. तू नेहमीसारखा शेडमध्ये असायचास. फक्त फोन घेऊन जायला लागला होतास, एवढं मला जाणवलं. मी समजले, आता याला फोनचंही वेड लागलं. मग ती मंगळवारची सकाळ, अर्धा प्यायलेला चहा आणि रिक्षा.

तेराव्याला रेवती आली. हातात हार नव्हता, कसली पिशवीही नव्हती. मला एका बाजूला बसवून तिने विचारलं, “ताई, काकांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?”

“काय?”

ती गोंधळली. मग म्हणाली, “आम्ही येऊन गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन आला. म्हणाले, इंजिन घेऊन जा. नवा बॉयलर घाला.”

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी, भाई. म्हणजे मी तीन आठवडे चोरासारखी घरात वावरत होते आणि तू सगळं कबूल करून बसला होतास.

“मग मला का नाही सांगितलं?”

रेवती म्हणाली, “मी विचारलं होतं, ताईंना बोलू का म्हणून. ते म्हणाले, इतक्यात नको. ती म्हणेल, मी सांगत होते.”

मी तेच म्हटलं असतं. शंभर टक्के म्हटलं असतं. महिनाभर म्हटलं असतं. पण ते म्हणायचा हक्क मी मिळवला होता की नाही? वर्षभर भांडून मिळवला होता. तो घेऊन तू गेलास. मी तिथेच, तेराव्याला आलेल्या पन्नास माणसांच्या देखत, मोठ्याने म्हणाले, “काय ह्यो माणूस.” सगळ्यांना वाटलं, मी शोक करतेय. सुशीलाने पाठीवर हात फिरवला. मला तुला धरून गदागदा हलवायचं होतं आणि तू फोटोत हसत होतास.

मग तिने फोन काढला. तू तिला आवाजातले निरोप पाठवले होतेस, एकेक तीनतीन चारचार मिनिटांचे. डावीकडून पाणी लवकर ओढलं जात नाही, पाइपावर टिचकी मारा. चढावर धुराडं ठिणग्या टाकतं, जाळी बारीक लावा. मला अर्ज सांगताना शिव्या घालणारा माणूस त्या पोरीला किती सबुरीने सांगत होता. एका निरोपात मागून माझा आवाज येतो, “भाई, जेवाक ये रे, थंड जाता.” तू थांबतोस आणि तिला सांगतोस, “ही आमची सुमन. हिचा बरोबर होता. बॉयलर नवोच व्हयो.” आणि पुढे लगेच वाल्व्हबद्दल सुरू.

ते वाक्य मी तिला तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा मी उठून मागच्या दाराने विहिरीवर गेले आणि बराच वेळ नुसती राहाटाला धरून उभी राहिले. भाई, ती पोर परकी होती. तिला सांगता आलं तुला. मी वीस पावलांवर होते. तू फोन खाली ठेवून आत येऊन भात मागितला असशील, मी वाढला असेन, आणि मासे खारट झालेत यावर आपण बोललो असू.

गेल्या गुरुवारी ट्रेलर आला. सकाळपासून गाव जमा. हुसेनशेठचा मुलगा क्रेन घेऊन आला होता, पण क्रेनला परसात शिरायला आता जागा नव्हती. मधल्या काळात सुशीलाने कुंपण बांधलंय. म्हणून शेडमधल्या रुळांना पुढे बारा हात रूळ जोडून तीन नंबर तिच्याच चाकांवर बाहेर काढायची असं ठरलं. पुढे क्रेन उभी. चाकांखालचे दगड काढले, दोर बांधला, आठ माणसं लागली. ती हलेना. हातब्रेक घट्ट बसलेला. रेल्वेतले ते म्हातारे ड्रायव्हर वर चढले, मग हुसेनशेठचा मुलगा, मग रेवती. चाक फिरेना. तेल घातलं, थांबले, पुन्हा बघितलं. कोणीतरी म्हणालं, ब्रेकची दांडी कापूया. मी म्हटलं, कोणी काही कापायचं नाही.

रेवतीने तुझे निरोप पुन्हा शोधायला घेतले. आणि शेडमध्ये तुझा आवाज आला, सगळ्यांच्या देखत. “ब्रेक सरळपणी सुटाचो नाय. पयलो आणखी आवळ, मगे सोड. आणि हळू हळू नको करू. आमच्या सुमनसारख्या रागान फिरव.”

माणसं हसली. सगळे माझ्याकडे बघत होते.

बारा वर्षांत मी तिच्यावर एकदाही चढले नव्हते. तू कधी बोलावलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. चौसष्टाव्या वर्षी मी पदर खोचला, रेवतीने हात दिला, आणि मी वर गेले. आत इतकी कमी जागा असेल असं मला वाटलं नव्हतं. तू एवढा उंच माणूस दिवसचे दिवस तिथे कसा मावत होतास? ब्रेकचं चाक छातीपुढेच होतं. मी ते धरलं आणि आधी आवळलं. मग मला राग आणावा लागला नाही. तू न दिलेली सगळी उत्तरं होती, त्या रिक्षातल्या कोंबड्या होत्या. मी फिरवलं. एकदा नुसतंच कर्र झालं. दुसऱ्यांदा ते सुटलं आणि माझ्या हातात गरगर फिरलं.

शेडमध्ये उतार आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं. दोर ओढायच्या आधीच तीन नंबर निघाली. माणसं बाजूला झाली. रेवती खालून म्हणत होती, “ताई, घाबरू नका, ब्रेक हळू आवळा.” मी घाबरले नव्हते. पायाखाली लोखंड थरथरत होतं, चाकांचा आवाज बाबा सांगायचे तसाच होता, आणि पत्र्याच्या काळोखातून ती हळूहळू उन्हात आली. जोडलेल्या रुळांच्या टोकाला मी ब्रेक आवळला. ती थांबली.

बारा वर्षं तू तिला तेल पाजलंस. एक हातभर पुढे नेली नाहीस. बाबांच्या नंतर तीन नंबर कोणी चालवली असेल तर ती मी चालवली, भाई. बारा हात चालवली. बोल आता काय बोलायचं ते.